दारावर ताब्याची नोटीस लागली आहे. वकील कोणता करावा?

विक्रोळीकर (प्रश्न):
यजमानांची नोकरी गेल्यापासून आमच्या गृहकर्जाचे सात हप्ते थकले आहेत. बँकेची ६० दिवसांची नोटीस आली तेव्हा आम्ही लेखी उत्तर दिले नाही, आणि गेल्या सोमवारी दारावर ताब्याची नोटीस चिकटवली गेली. मी सहकर्जदार आहे. सोसायट्यांची प्रकरणे पाहणारे ओळखीचे वकील दिवाणी न्यायालयातून स्थगिती आणू म्हणतात, तर एक मध्यस्थ लाखभर रुपयांत 'सेटलमेंट' करून देतो म्हणतो. कोणाचे ऐकावे?

फोर्टमधला वकील:
दोघांचेही नाही. ही कारवाई २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ देणाऱ्या कायद्याखाली आहे, आणि त्याच्या कलम ३४ मुळे अशा प्रकरणात दिवाणी न्यायालयाला, फसवणुकीसारखे अपवाद वगळता, मनाई आदेश देता येत नाही. दाद कलम १७ खाली कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत मागायची असते, आणि त्यासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. ती सोमवारच्या कारवाईपासून मोजा. म्हणून डीआरटीत नियमित उभा राहणाराच वकील हवा. पहिल्या भेटीत त्याला विचारा की नोटिशीतील रक्कम, ती बजावण्याची पद्धत आणि हप्ते थकल्यामुळे खाते अनुत्पादित (एनपीए) ठरवल्याची तारीख यांत त्याला काय त्रुटी दिसते. कागद न वाचताच 'स्थगिती नक्की' म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. नुसता अर्ज दाखल केल्याने कारवाई थांबत नाही. अंतरिम आदेश वेगळा मागावा लागतो, आणि तो देताना बहुधा काही रक्कम भरण्याची अट घातली जाते.

भांडुपचा रहिवासी:
आमचे वकील सज्जन होते, पण त्यांनी आम्हाला दिवाणी न्यायालयातच नेले. तीन आठवडे गेल्यावर योग्य दार कळले. तोवर बँकेने प्रत्यक्ष ताब्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. पाकिटासकट प्रत्येक कागद जपा आणि दारावरच्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. आम्ही पाकिटे फेकली होती.

फोर्टमधला वकील:
फीबद्दल राहिले. 'घर वाचले तर इतके टक्के' असा करार वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनुसार करता येत नाही, तेव्हा रक्कम आधी ठरवून पावती घ्या. फी झेपत नसेल तर आपण स्वतः विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फक्त प्रकरण प्रथमदर्शनी लढण्याजोगे असावे लागते. तडजोडीचे पत्र मात्र बँकेला थेट द्या, पोच घ्या. सरफेसी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण थकबाकी भरून घर सोडवून घेण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो.

विक्रोळीकर:
मध्यस्थाला नकार कळवला. पाकिटे सुदैवाने देवघराच्या खणात सापडली. उद्या अर्ज घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जाते.