चालू लाईनवर मीटर लावायची खरंच गरज असते का?

ओहमकार : वॉशिंग मशीन पाणी तापवत नाही म्हटलं की लोक मागचं कव्हर उघडतात, प्लग लावतात आणि मीटरचे प्रोब (मोजायच्या टोकदार काड्या) घेऊन आत शिरतात. कशाला? प्लग काढा, हीटरच्या वायरी सोडवा, मीटरने ओहम, म्हणजे हीटरचा रेझिस्टन्स, मोजा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॅटच्या हीटरला साधारण २६ ओहम यायला हवेत. 'ओएल', म्हणजे मापाबाहेर, आलं तर कॉइल तुटली. विषय संपला.

खटपट्या : असहमत. हीटर २६ दाखवतो, तरी पाणी गारच, मग पुढे काय? कंट्रोल बोर्डावरच्या रिलेचे, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळालेले असू शकतात. मशीन बंद असताना रिले तसाही उघडाच असतो, त्याला मोजून काय कळणार? मशीन तापवायच्या टप्प्यावर आणा आणि हीटरच्या दोन टोकांत व्होल्टेज बघा. नाही आलं तर बोर्ड नाहीतर वायरिंग. हे न बघता अंदाजाने बोर्ड बदलणारे थोर लोक पाहिलेत.

ओहमकार : रिलेचं मान्य. पण चालू लाईनही फसवते. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटला असेल तर टेस्टर हीटरच्या दोन्ही टोकांना पेटतो, आणि माणूस म्हणतो, सप्लाय आहे, हीटर गेला!

खटपट्या : तो दोष टेस्टरचा. मीटरने दोन टोकांत शून्य आणि प्रत्येक टोकाला अर्थिंगशी २३० आलं की न्यूट्रल तुटलाय हे तिथेच कळतं. बाकी बऱ्याच घरांत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, असतोच की.

शंकासुर : त्या आरसीसीबीवर फार विसंबू नका. करंट अर्थिंगकडे गळला तर तो पडतो. एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी असेल तर त्याच्या लेखी तुम्ही बल्बच, तो पडणार नाही. आणि मायक्रोवेव्ह या वादातून वगळाच. आतला कपॅसिटर २००० व्होल्टच्या घरात असतो, प्लग काढल्यावरही चार्ज धरून राहू शकतो.

खटपट्या : मायक्रोवेव्ह वगळला. मशीनपुरतं सांगतो : प्लग काढून क्लिपवाल्या वायरी टोकांना अडकवायच्या, हात बाहेर, मग प्लग लावायचा, आकडा वाचायचा, पुन्हा प्लग काढायचा. मीटर आधी आणि नंतर चालू सॉकेटवर तपासायचा. आणि लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या, म्हणजे करंट मोजायच्या, भोकात राहिली नाही ना ते बघायचं, नाहीतर सरळ शॉर्ट.

ओहमकार : असं करणार असाल तर माझी हरकत नाही. पण क्लिप अडकवणारे किती आणि घाईत प्रोब दाबून धरणारे किती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नवख्याला मी अजूनही नकोच म्हणेन.