पाठदुखी आणि पुराची भीती, दोन्हीसाठी फ्लोट थेरपी घ्यावी का?

गावभागातली_ताई
नमस्कार, मी सांगलीची, वय ४६. जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तर वाचा. २०१९ च्या पुरात आम्ही मारुती चौकाजवळ घरात अडकलो होतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हाची गोष्ट. खालचं सामान रात्रीत वर नेताना मी धान्याच्या डब्यासकट जिन्यावरून पडले, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना पण उचलून वर न्यायचं होतं त्यामुळं पाठीचं काय झालंय ते बघायला वेळच नव्हता. दोन दिवसांनी बोट आली. त्याच्या आदल्याच दिवशी ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी ऐकली होती, त्यामुळं बोटीत पाय ठेवताना जे काही झालं ते अजून आठवलं की हातपाय गार पडतात.

तेव्हापासून कंबर धरलीय ती धरलीच आहे. एमआरआय झाला, कमरेच्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी थोडी सरकलीय म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. गोळ्या, पट्टा, शेक, फिजिओ सगळं करून झालं. आणि दरवर्षी जुलैत कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या सुरू झाल्या की दुखणं दुप्पट होतं, झोप जाते, रात्री उठून खिडकीतून रस्ता ओला आहे का बघते. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत.

माझा भाऊ बेंगळुरूला असतो, तो म्हणतोय इकडं ये, मिठाच्या पाण्यात तरंगायची फ्लोट थेरपी असते, ट्रॉमाला (म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्याला) आणि जुन्या दुखण्याला दोन्हीला चालते. कुणी केलीय का? खरंच फरक पडतो का? गोड गोड सांगू नका, खरं सांगा.

कराड_ते_बेंगळुरू
ताई मी केलीय, मानेच्या दुखण्यासाठी तीन वेळा. जे झालं ते सांगतो. एक मोठी बंद, अंधारी टाकी असते, त्यात जेमतेम फूटभर पाणी, पण त्यात चार-पाचशे किलो एप्सम सॉल्ट विरघळवलेलं असतं, आपलं खायचं मीठ नाही, मॅग्नेशियम सल्फेट. पाणी त्यामुळं इतकं जड होतं की पोहता येत नसलं तरी माणूस आपोआप वर राहतो, बुडवायला गेलं तरी अंग वरच येतं. पाणी ३५ डिग्रीच्या आसपास, म्हणजे आपल्या कातडीच्याच तापमानाचं, थोड्या वेळानं पाणी कुठं संपलं आणि अंग कुठं सुरू झालं तेच कळेनासं होतं. आधी आंघोळ करायची, कानात प्लग घालायचे, आणि अंगावर कुठं खरचटलं असेल तर व्हॅसलिन लावा नाहीतर फार झोंबतं, मी दाढी करून गेलो होतो पहिल्यांदा, ती चूक करू नका (म्हणजे तुमच्या बाबतीत आदल्या दिवशी वॅक्सिंग वगैरे नको).

पहिली वीस मिनिटं डोक्यात ऑफिसच चालू होतं. नंतर स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकायला यायला लागले आणि मग कधी मान सुटली कळलंच नाही. बाहेर आलो तेव्हा मान इतकी हलकी होती की रडू आलं, खोटं नाही सांगत. पण दोन दिवसांनी परत होतं तसंच. तिन्ही वेळा हेच झालं. एका वेळचे अडीच हजार गेले माझे. त्या दोन दिवसांची किंमत ज्याची त्यानं ठरवायची.

मिरजेची_फिजिओ
ताई, आधी एक सांगते, हे मनाचे खेळ नाहीत. इजा भरली तरी नसा आणि मेंदू धोक्याच्या तयारीत राहतात, मग साधा ताण आला, झोप मोडली, पुराची बातमी आली की दुखणं खरोखर वाढतं. दुखतं ते खरंच दुखतं. घरच्यांना हे वाचून दाखवा.

आता फ्लोटचं. जर्मनीत जुन्या दुखण्याच्या ९९ पेशंटवर नीट ट्रायल झाली होती, २०२१ साली छापून आली. काहींना पाच वेळा खरं फ्लोट दिलं, काहींना तसंच दिसणारं पण कमी तरंगवणारं आणि पूर्ण अंधार नसलेलं दिलं, काहींना नुसतं वेटिंगवर ठेवलं. निघालं काय, तर सेशननंतर लगेच दुखणं कमी व्हायचं, मन शांत व्हायचं, पण पुढं काही आठवड्यांनी बघितलं तर कायमचा असा फायदा टिकला नाही. वर दादांनी मानेचं जे सांगितलं तेच. म्हणून माझं मत असं की आराम म्हणून जा, इलाज म्हणून जाऊ नका. आणि मॅग्नेशियम कातडीतून आत जाऊन स्नायू सैल होतात असं कुणी सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका, त्याला पक्का पुरावा नाही. अंगावरचं वजन जातं, गरम वाटतं, आवाज-उजेड बंद होतो, आराम मुख्यतः त्यानंच पडतो.

किडनीचा त्रास, फिट येणं, उघडी जखम, कातडीचं इन्फेक्शन, फार लो बीपी यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि व्यायाम सोडू नका हो, चालणं सोडू नका. जुनी कंबर हळूहळू हालचाल वाढवूनच सुधारते, माझ्याकडं अशा कितीतरी बायका येतात ज्यांनी भीतीनं वाकणंच सोडलेलं असतं आणि त्यामुळंच कंबर आणखी आखडते.

पाटण_खोरे
मला दुखण्यातलं कळत नाही पण भीतीतलं कळतं. आमचा पाटण तालुका. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, आमच्या नात्यातली माणसं गेली. त्यानंतर कुणीतरी मला एका शिबिरात नेलं, तिथं दिवे घालवून डोळे मिटून पडायला सांगितलं, शांत वाटेल म्हणाले. दोन मिनिटांत मला डोंगर घसरल्याचा आवाज ऐकायला आला, श्वास कोंडला, मी चपला न घालता पळत बाहेर आलो. त्यानंतर महिनाभर झोप नाही. शिबिरवाल्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मला आधी काय झालंय ते कुणी विचारलंच नाही.

म्हणून ताई, तुमची भीती पाण्याचीच आहे आणि तुम्ही पाण्याच्याच बंद टाकीत अंधारात जायचं म्हणताय, हे वाचून पोटात गोळा आला. आधी कुणाशी तरी बोला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी तिथूनच सुरुवात केली, त्यांनी जिल्ह्यातल्या डॉक्टरांकडं पाठवलं, पुढं ईएमडीआर नावाची थेरपी झाली, त्यात डोळे इकडून तिकडं फिरवत ती आठवण थोडी थोडी करून उलगडतात, समोर माणूस बसलेलं असतं. मला त्यानं गुण आला. पाऊस अजून आवडत नाही पण झोपतो.

मिरजेची_फिजिओ
पाटणच्या दादांचं शंभर टक्के बरोबर. ट्रॉमासाठी ईएमडीआर आणि ट्रॉमावरची सीबीटी (बोलून विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) या दोन्हींची शिफारस डब्ल्यूएचओनं २०१३ मध्येच केलीय. फ्लोटचं तसं नाही. अमेरिकेत तुलसा इथं चिंतेचे आणि ट्रॉमाचे ५० पेशंट एकेक तास तरंगवले होते, २०१८ चा अभ्यास, त्यांची चिंता त्या दिवशी बरीच उतरली हे खरं. पण तुलनेला तसाच दुसरा पेशंटचा गट नव्हता आणि एकाच सेशनचा हिशोब होता. शिवाय तिथं झाकणाची टाकी नव्हतीच, उघडा गोल हौद होता आणि लाईटचं बटण पेशंटच्या हातात होतं. हे फार महत्त्वाचं आहे.

गावभागातली_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याचीच भीती आणि पाण्यातच जायचं, हे भावाशी बोलताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, तो कौतुकानं सांगत होता आणि मला फक्त "दुखणं जातं" एवढंच ऐकू आलं. सात वर्षं दुखल्यावर असं होतं बघा, कुणी काही सांगितलं की माणूस धावतं. फिजिओताईंचं वरचं मिस्टरांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण रात्री स्वतः पाण्याची पिशवी गरम करून आणून दिली.

आज सकाळी १४४१६ ला फोन केला. वीस मिनिटं बोलले, त्यातली दहा तर रडण्यातच गेली. बाईंनी काही घाई केली नाही. पुढच्या आठवड्यात सिव्हिलला जायला सांगितलंय. बेंगळुरूचं दिवाळीनंतर बघू, तेव्हा मन तयार असलं तर दार उघडं आणि लाईट चालू ठेवता येते का ते आधी विचारून मगच.

कराड_ते_बेंगळुरू
मी गेलो होतो तिथं दोन्ही चालतं ताई, मी दुसऱ्या वेळी निळा लाईट चालूच ठेवला होता. हवं तेव्हा उठून बाहेर येता येतं, आतून कडी नसते. आणि भावाला सांगा की पहिल्या वेळी तास भरायचा हट्ट नको, आधी नुसतं काठावर बसून पाय सोडा. गुडघ्याच्या वर पाणी येत नाही.