भोक असेल तर धागा वर: पोरांचे शब्द, पोरांची डोकी (अनुभव धागा)

माळ्यावरची चादर
परवा सोलापूरच्या गड्ड्यावरून (सिद्धेश्वरच्या जत्रेतून) थंडीनं काकडत घरी आलो आणि माळ्यावरची जुनी चादर खाली काढली. सव्वापाच वर्षांचा लेक ती पांघरायची सोडून उलटसुलट करत बसला. "आई, इकडनं मोर लाल, तिकडनं मोर पांढरा. मग लाल गेला कुठं?"

मला एकदम आप्पाच दिसले. आप्पा चादरीच्या कारखान्यात जॉबर, माग लावणारे-दुरुस्त करणारे. जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, टाकून दिलेले पुठ्ठे घरी आणायचे, भोकाभोकांचे. मी पहिलीत असेन. पुठ्ठा बल्बसमोर धरून विचारायचे, "भोक असेल तर?" मी म्हणायची, "धागा वर." "नसेल तर?" "खालीच." मग एक दिवस म्हणाले, "आणि इथं चुकून जास्तीचं भोक पडलं तर?" दोन दिवस मला काही सुचेना. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता मी ओरडले, "मोराच्या अंगावर ठिपका!" आप्पांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला. "एकाच मोराच्या?" ...सगळ्या मोरांच्या! कारण नक्षी तीच, पुठ्ठा तोच, फिरून फिरून येणार.

पुढं कॉलेजात शिकवलं की फ्रान्सच्या जाकारच्या 1804 च्या मागातलं हे भोकांचं तंत्र, आणि इंग्रज गणिती बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी असलेच पुठ्ठे वापरायचं ठरवलं होतं. वर्गात मी एकटीच हसत होते.

शाळेच्या ग्रुपवर फ्लॅशकार्डांचा पाऊस पडतोय म्हणून विचारते. तुमच्या घरी पोरांना शब्द कुठून मिळतात, डोकं कशावर चालतं? लिहा.

कडक भाकरी
आमचं येडं अंक म्हणत होतं. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, आणि मग ठणठणीत आवाजात "एकोणशंभर!" मी म्हटलं नव्व्याण्णव. तर म्हणे का? काय सांगू आता 😅

चिंचोका
@कडक भाकरी, बरोबरच आहे की त्याचं! एकोण म्हणजे एक ऊन, एकानं कमी. पोराला नियम सापडला, भाषाच शेवटी फितूर झाली. त्याला शंभरपैकी एकोणशंभर द्या.

सात रस्ता
आमच्या घरात अम्मा तेलुगू, बायको कानडी, शाळा मराठी. तेलुगूत 21 म्हणजे इरवै ओकटी, सरळ वीस आणि एक. कानडीत इप्पत्तोंदु, तेच. मराठीत मात्र एक आधी, वीस मागनं. लेकीनं वर्गात "वीस एक" म्हटलं तर बाई रागावल्या. नंतर 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात तीच पद्धत आली. अख्खा महाराष्ट्र हसत होता, आमच्या गल्लीत कुणी हसलं नाही बे.

शेंगाचटणी
ती मोराची चादर अजून मिळते का हो? आमची उंदरानं कुरतडली.

तीळगूळ
थोडं वेगळं विचारते. भाचा दोन वर्षांचा झाला, मराठी दहा-बारा शब्दच बोलतो. घरात तेलुगू पण आहे. सासूबाई म्हणतात दोन भाषांनी गोंधळलाय, एक बंद करा. 😔

अंगणवाडीची ताई
@तीळगूळ, बंद नका करू हो. दोन भाषांमुळं पोर मागं पडत नाही. मोजताना दोन्हीकडचे शब्द धरा. "पाणी" आणि "नीळ्ळु" दोन्ही म्हणत असेल तर ते दोन शब्द. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि "आई ये" अशी दोन शब्दांची जोडी यायला लागते. सगळे मोजूनही फारच कमी भरले तर आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. "बोलेल की, बाप पण उशिराच बोलला" यावर थांबू नका.

तीळगूळ
ताई, आत्ता मोजले. वहिनीला फोन केला. चव्वेचाळीस! बाबा ये, अम्मा दा असलं पण म्हणतो म्हणे. कान दाखवतोच तरी. लई आभार 🙏

भाजीवाली पिशवी
लक्ष्मी मंडईत घेऊन जा पोराला, बास. घरी आपण "पालेभाजी" म्हणून मोकळे होतो. तिथं चुका, चाकवत, अंबाडी, राजगिरा, घोळ. वास घ्यायला लावते मी. चुका जिभेवर ठेवला की शब्द विसरत नाही. पेंडी (जुडी), वाटा, ढीग, पसा ही मापं वेगळीच. गड्ड्यातली गर्दी बघून आमची म्हणाली, "बाबा, माणसांची पेंडी सुटली."

कडक भाकरी
वा! माणसांची पेंडी!

चिंचोका
आमची आजी अंथरुणात कोडी घालायची. सुपभर लाह्या, मधी रुपया. मी तेच लेकाला घातलं. वर आभाळाकडं बोट पण दाखवलं. तो म्हणाला, "रुपया लाह्यांत पडला तर आधी धुऊन घे." चांदणं राहिलं बाजूला. पण मला वाटतं गच्चीवर न झोपणाऱ्या पोराला हे कोडं घालण्यात माझीच चूक. एवढ्या चांदण्या त्यानं बघितल्यात कुठं?

होटगी रोडवरून
वर्कशीटवर "वेगळा ओळखा" होतं. चिमणी, कावळा, पोपट, कोंबडी. पोरीनं कोंबडीला गोल केला. बाईंची टिक, तारा पण. घरी सहज विचारलं कोंबडीच का गं? "तिचंच कालवण होतं." 😂 तेव्हापासून बरोबर उत्तराला पण "का" विचारतो. चुकलेल्याला तर विचारतोच. मागं एका चुकलेल्या उत्तराचं तिचं कारण इतकं चोख निघालं की मीच पेनानं टिक केली. बाईंना नाही सांगितलं.

शेंगाचटणी
चादरीचं कुणी सांगेना. आणि हो, आमचा नातू विचारतो, बटाटा जमिनीत, शेंगा पण जमिनीत, मग बटाट्याला टरफल का नाही? मी म्हटलं आजोबांना विचार. आजोबा झोपले (असं दाखवतात).

माळ्यावरची चादर
@शेंगाचटणी, मिळते की, फक्त घेताना उलटी करून बघा. दोन्हीकडं मोर दिसला पाहिजे, रंगांची नुसती अदलाबदल.

आणि लाल कुठं गेला ते इकडं सुटलं. मी काही सांगितलं नाही, भिंग दिलं. अर्धा तास नाक चादरीला लावून होता. "आई, लाल पांढऱ्याच्या मागं लपलाय. पांढरा पण तिकडनं लालच्या मागं लपतो." मग आप्पांच्या पुठ्ठ्यांचं सांगितलं ही चूक झाली. बुटाच्या खोक्याला, कॅलेंडरला, विजेच्या बिलाला, सगळीकडं पेन्सिलीनं भोकं पाडून झालीत. बिल अजून भरायचंय. बाकीचं वाचते रात्री, कुकरची तिसरी झाली.