हिमालयातील ट्रेकचा घरापासून घरापर्यंतचा खर्च : कोल्हापूरकरांचे अनुभव

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट आषाढातल्या पावसात एकदा चालून झाली, की पुढच्या वर्षी हिमालयात जाऊ या, अशी चर्चा आपल्याकडे प्रत्येक गटात सुरू होते आणि पहिला प्रश्न असतो, ‘किती लागतात?’ जाहिरातीतला आकडा सांगून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, हे मला स्वतःच्या खिशातून कळले. म्हणून ही विनंती करत आहे. आपण मार्गदर्शकासह कोणता ट्रेक केला, कोल्हापुरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत प्रत्यक्ष किती खर्च आला, कोणता खर्च आधी लक्षातच आला नव्हता आणि कोठे काटकसर करायला नको होती, हे कृपया आकड्यांसह लिहावे. आयोजकांची नावे घेऊ नयेत. सुरुवात मीच करतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी एव्हरेस्ट बेस कॅम्पला (५,३६४ मीटर) गेलो. आयोजकाचे शुल्क ५८,००० रुपये होते. त्यात काठमांडूपासून काठमांडूपर्यंतचा प्रवास, ट्रेक जेथून सुरू होतो त्या लुक्लाचे विमान, परवाने, टी-हाउसमधला (वाटेवरच्या साध्या लॉजमधला) मुक्काम, तीन वेळचे जेवण, मार्गदर्शक आणि दोघांत एक पोर्टर एवढे होते. पुण्याहून काठमांडूचे जाण्यायेण्याचे विमान आणि कोल्हापूर-पुणे प्रवास मिळून २४,००० लागले. बूट, जाकीट, हातमोजे वगैरे १७,०००, विमा ४,२०० आणि जाण्यापूर्वीच्या तपासण्यांचे २,८०० झाले. वाटेतला वरखर्च १४,००० झाला, तो मी ५,००० धरला होता. मोबाइल चार्ज करणे, गरम पाण्याची अंघोळ, इंटरनेट, इतकेच नव्हे तर पिण्याचे उकळलेले पाणीही तेथे विकत घ्यावे लागते, आणि वाटेतले नामचे गाव सोडल्यावर प्रत्येक मुक्कामाला दर चढत जातो, कारण प्रत्येक गॅस सिलिंडर याकच्या किंवा माणसाच्या पाठीवर वर आलेला असतो. मार्गदर्शक आणि पोर्टर यांना निरोप देताना ६,००० दिले.

येथपर्यंत १,२६,००० झाले होते. परतीच्या दिवशी लुक्लाला ढग उतरले आणि दोन दिवस एकही विमान उडाले नाही. त्या मुक्कामाचा आणि जेवणाचा ३,५०० रुपये खर्च माझा मला करावा लागला. नियमांत तसे स्पष्ट लिहिलेले होते, मी मात्र ते वाचले नव्हते. काठमांडूहून दिल्लीचे विमान चुकले आणि नवे तिकीट ११,५०० ला पडले. घरी आल्यावर वहीत बेरीज केली, ती १,४१,००० रुपये झाली. लुक्लाच्या विमानतळावरून हवामानामुळे उड्डाणे रद्द होणे ही नेहमीचीच गोष्ट आहे, त्यामुळे या १५,००० रुपयांना मी अपघात म्हणत नाही. ते पहिल्या दिवशीच अंदाजपत्रकात असायला हवे होते.

राजारामपुरी, शाळेतील शिक्षिका

मला सुट्टी मे महिन्यात मिळते, त्यामुळे ट्रेक निवडतानाच अर्धे पर्याय गळून पडतात. आम्ही बारा मैत्रिणी दरमहा दोन हजारांची भिशी चालवतो. माझा नंबर लागला तेव्हा हाती आलेल्या २४,००० रुपयांतच सगळे बसवायचे असे मी ठरवले आणि यूथ हॉस्टेल्स असोसिएशनतर्फे हिमाचलमधील कसोलहून निघणाऱ्या सार पास ट्रेकची नोंदणी केली. मोठा गट, एकत्र तंबू आणि साधे जेवण, यामुळे त्यांचे शुल्क खासगी आयोजकांपेक्षा बरेच कमी असते, आणि व्यवस्था शिस्तीची होती. कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच असते, म्हणून ट्रेकची तारीख गाडीला जुळवून घेतली. आता आरक्षण साठच दिवस आधी खुले होते. त्या दिवशी सकाळी आठला तयारीत नसलात, तर मिरजेहून गोवा एक्सप्रेस पाहावी लागते, आणि तीही उन्हाळ्यात लगेच भरते.

माझी चूक बुटांची झाली. निघण्याच्या आठ दिवस आधी सवलतीत मिळाले म्हणून २,२०० चे बूट घेतले आणि दुकानात पातळ मोजा घालून मापले. बर्फावरून खाली उतरताना बोटे पुढे आदळत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूत मोजा काढला तर अंगठ्याचे नख मुळापर्यंत काळेनिळे झाले होते आणि मोजा त्याला चिकटला होता. घरी आल्यावर दवाखाना, मलमपट्टी आणि पुढच्या वर्षी पुन्हा ४,५०० चे बूट, असा तो खर्च झाला. बूट किमान दोन महिने आधी घ्यावेत, जाड मोज्यावर मापावेत आणि जोतिबाचा डोंगर त्यांनीच चढावा-उतरावा. बाकीचे साहित्य भाड्याने किंवा मागून आणले तरी चालते, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही.

गडहिंग्लज तालुका, शेतकरी

हे लिहिण्यास मी दोन दिवस घेतले, कारण यात चूक माझी आहे. उसाचे बिल जमा झाले त्या वर्षी मी आणि माझा धाकटा भाऊ लडाखमधील मार्खा खोऱ्याच्या ट्रेकला गेलो. दोन आयोजकांचे दरपत्रक समोर होते. एकाचा कार्यक्रम नऊ दिवसांचा होता आणि दुसऱ्याचा सात दिवसांचा. फरक माणशी ४,००० रुपयांचा होता. पहिल्याने लेहमध्ये नुसते थांबण्यासाठी दोन दिवस जादा ठेवले होते, आणि बसून राहण्याचे पैसे कशाला द्यायचे, असे मला वाटले. मी स्वस्त कार्यक्रम घेतला.

आपले गाव समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटरवर आणि लेह साडेतीन हजार मीटरवर. विमानाने एका दिवसात एवढे वर गेलो आणि दुसऱ्या सकाळी चालू लागलो. भावाचे डोके पहिल्या मुक्कामापासूनच दुखत होते. तो ते सांगत नव्हता, कारण माझे पैसे वाया जातील असे त्याला वाटत होते. निमालिंगच्या पठारावर, रात्री, झोपेत त्याचा श्वास थांबून पुन्हा सुरू होत असल्याचे मला ऐकू आले. मी विजेरी लावली. ओठ निळसर दिसत होते आणि बसता केले तरी मान सावरत नव्हती. मार्गदर्शक लडाखी होता. त्याने एक क्षण न दवडता ऑक्सिजन लावला आणि घोडेवाल्याला उठवून, उजाडण्याची वाट न पाहता, आम्हाला खाली काढले. घोडा, पुढे गावातून गाडी, लेहमधील मुक्काम, दोघांची बदललेली विमानाची तिकिटे असे ३१,००० रुपये लागले. लेहच्या सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनवर दोन दिवस काढल्यावर भाऊ बरा झाला. वाचवलेले आठ हजार होते.

आणखी एक गोष्ट. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. माझे सगळे पैसे मोबाइलमध्ये होते आणि गाडीवाल्याला देण्यापुरती रोकड मार्गदर्शकाने स्वतःच्या खिशातून घातली. त्याचे पैसे मी लेहला पोहोचल्यावर एटीएममधून काढून दिले, पण ती रक्कम माझ्या कमरेला रोख असायला हवी होती.

शाहूपुरी, डॉक्टर

गडहिंग्लजच्या दादांनी जे प्रांजळपणे लिहिले आहे, त्यामागचे कारण थोडक्यात सांगते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा सर्वमान्य संकेत आहे. साडेपाच हजार मीटरवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला वेळच लागतो. चांगला फिटनेस त्याला पर्याय ठरत नाही. म्हणून दरपत्रक हाती आले, की आधी प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून काढावी आणि मगच किंमत पाहावी. उंचीच्या त्रासावरची अॅसिटाझोलामाइडची गोळी स्वस्त असते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी हे आधी सांगावे.

विम्याबाबत सांगायचे, तर प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये ठरावीक उंचीवरचे ट्रेकिंग वगळलेले असते. आपल्या ट्रेकचा सर्वोच्च बिंदू लिहून विमा कंपनीला ईमेल करावा आणि लेखी उत्तर आल्यावरच हप्ता भरावा. हेलिकॉप्टरने सुटका करायची झाल्यास खर्च लाखांत जाऊ शकतो. नेपाळमध्ये गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार २०१८ मधील सरकारी चौकशीत उघड झाले, त्यामुळे विमा कंपन्या आता काटेकोरपणे विचारतात. त्यांचा आपत्कालीन क्रमांक मार्गदर्शकाच्या वहीतही लिहून द्यावा.

उद्यमनगर, फाउंड्रीतील पॅटर्नमेकर

आमचा सहा जणांचा गट मोठ्या आयोजकाकडे न जाता उत्तराखंडातील सांक्री गावातून स्थानिक मार्गदर्शक घेऊन हर की दूनला (सुमारे ३,५६६ मीटर) गेला. सात दिवसांचा हिशेब देतो. मार्गदर्शक १,८०० रोज याप्रमाणे १२,६००, स्वयंपाकी १,५०० रोज याप्रमाणे १०,५००, दोन खेचरे प्रत्येकी १,२०० रोज याप्रमाणे १६,८००, शिधा ९,०००, तंबू व स्लीपिंग बॅगचे भाडे ६,००० आणि वन खात्याची परवानगी ३,६००. एकूण ५८,५०० झाले, म्हणजे माणशी ९,७५०. दोघेच गेले असते तर खेचर आणि शिधा थोडा कमी लागला असता, पण मार्गदर्शक आणि स्वयंपाकी तेवढेच द्यावे लागले असते. गटाची संख्या आधी पक्की करणे हाच मोठा हिशेब आहे.

खेचरवाल्याला रिकाम्या परतीच्या दिवसाचीही मजुरी द्यायची असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. शेवटच्या दिवशी त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि चूक आमची होती. आम्ही दुकानात जॉबचा दर ठरवताना भट्टी तापवण्याचा वेळ धरतो, मग त्याने परतीचा दिवस का धरू नये? फार स्वस्त दर दिसला, की मी आता एकच विचारतो, की पोर्टरला रोज किती देता आणि त्याच्या पाठीवर किती किलो देता. उत्तर टाळले गेले, तर तेथे नोंदणी करत नाही.

आगाऊ रकमेबाबतही सांगतो. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर (उंचावरच्या गवताळ कुरणांवर) रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि आमचा रूपकुंडचा बेत रद्द झाला. पैसे परत मिळाले नाहीत, वर्षाच्या आत वापरण्याचे व्हाउचर मिळाले आणि वर्षभरात रजा जुळली नाही. ट्रेक सरकारी आदेशाने बंद झाल्यास रोख परत मिळणार का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मंगळवार पेठ, निवृत्त दांपत्य

आम्ही अन्नपूर्णा बेस कॅम्पला (४,१३० मीटर) गेलो तेव्हा आयोजकाने परवान्यासाठी परदेशी पर्यटकांचा ३,००० नेपाळी रुपयांचा दर लावला होता. सार्क देशांच्या नागरिकांना तो १,००० आहे, हे दाखवल्यावर त्याने फरक परत केला. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा दर ठरलेला आहे. पोखऱ्यातच पुरेशी नेपाळी रोकड घेऊन ठेवली, कारण वर वाटेत एटीएम नाही. खाऊ म्हणून घरून गूळ, शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर नेले, त्यामुळे टी-हाउसमधल्या चॉकलेटवर आमचे काहीच गेले नाही.

गोकुळ शिरगाव, कारखान्यातील अभियंता

काका, आपल्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर २०२२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या, तेव्हापासून निदान बेस कॅम्प तरी पाहायचाच, असे मनात आहे. अठरा महिने दरमहा ६,००० साठवत आहे, पुढच्या एप्रिलपर्यंत १,०८,००० होतील. मी असे मांडले आहे : शुल्क ६०,०००, प्रवास २२,०००, साहित्य १५,०००, विमा ४,०००, वरखर्च ७,०००. यात काय राहिले आहे, ते कृपया सांगावे.

सुरुवात मी केली होती, म्हणून उत्तरही मीच देतो. तुमची बेरीज बरोबर १,०८,००० होते, आणि तीच मला काळजीची वाटते, कारण राखीव म्हणून एक रुपयाही उरत नाही. वरखर्च दुप्पट धरा. निरोपाचे पैसे मांडलेले नाहीत. भारतीय आयोजकाकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस (आयोजक पैसे घेतानाच गोळा करतो तो आयकर) भरावा लागतो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण त्या दिवशी हातातून जातोच. एप्रिलऐवजी ऑक्टोबरमध्ये गेलात तर आणखी ३६,००० जमतील आणि पावसाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूने सरावही होईल. कार्यक्रमात नामचे आणि त्याच्या वरचे दिंगबोचे येथे एकेक जादा मुक्काम आहे का, ते आधी पाहा, आणि लुक्लाहून परतल्यावर काठमांडूत दोन दिवस मोकळे ठेवूनच विमानाचे तिकीट काढा. माझे डाऊन जाकीट आणि स्लीपिंग बॅग धुऊन कपाटात ठेवली आहे, ती घेऊन जा. साहित्याच्या रकान्यातले त्यामुळे वाचणारे सात-आठ हजार राखीवच्या रकान्यात लिहा.