शिकारी प्राणी पाठीमागे उगवावा की माग काढत यावा?

रानभूल:
काल एका सर्व्हायव्हल गेममध्ये गुहा कोपरान् कोपरा धुंडाळली. रिकामी. तोंडाशी शेकोटी पेटवली, मांस भाजायला घातलं आणि पाठीवर अस्वल! आतल्या बाजूने, जिथे नुसती भिंत आहे. म्हणजे मी पाठ वळवली तेवढ्यात गेमने ते तिथे आणून ठेवलं. 37 दिवस जगवलेलं कॅरेक्टर गेलं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो.

प्राणी कुठून तरी आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. ‘द लाँग डार्क’ बघा. जवळ कच्चं मांस असलं की स्क्रीनवर वासाच्या रेघा दिसतात, आणि लांडगा तो वास धरून लांबून येतो. मांस टाकून त्याला गुंतवता येतं, मशाल पेटवून रोखता येतं. तिथे मेलो तर चूक माझी. इथे माझी चूक काय, सांगा.

घुबड:
साफ असहमत. प्राणी सगळीकडे उगवतातच, काही गेम ते नीट झाकतात इतकंच. ‘माइनक्राफ्ट’मध्ये शत्रू तुमच्यापासून 24 ब्लॉकच्या (तिथलं जग ज्यांचं बनलंय ते ठोकळे) आत स्पॉन होत, म्हणजे उगवत नाहीत आणि 128 च्या पलीकडे गेले की नाहीसे होतात. म्हणजे तुम्ही चालाल तसं एक कडं तुमच्यासोबत चालतं. धोका तेवढ्या कड्यातच. अख्ख्या मॅपभर लांडगे फिरते ठेवायचे तर प्रोसेसरच मान टाकेल.
आणि शिकारी जनावर काय कडी वाजवून येतं?

रानभूल:
ते 24 ब्लॉकच तर मागतोय मी! माझ्या अस्वलाने 4 पावलंही दिली नाहीत.

कोळिष्टक:
मला अंतरापेक्षा चाहूल महत्त्वाची वाटते. ‘डोन्ट स्टार्व्ह’मधले शिकारी कुत्रे माग वगैरे काढत नाहीत, काही दिवसांनी टोळी येते म्हणजे येतेच, तुम्ही कुठेही असा. तरी कुणी बेइमानी म्हणत नाही. आधी लांबून गुरगुरणं ऐकू येतं, मग ते जवळ सरकतं. हातातली लाकडं टाकून भाला शोधायची ती धांदल! खरी मजा तिथे आहे, चावण्यात नाही.

घुबड:
चौथ्या वेळी तो गजर होतो. गुरगुर ऐकली, भाला काढला, कामाला लागलो.
ठरावीक जागांचंही तेच. समुद्राखालच्या ‘सबनॉटिका’तले रीपर लेव्हायथन, म्हणजे तिथले अजस्र शिकारी, नेमून दिलेल्या भागातच फिरतात. जागा पाठ झाल्या की लोक वळसा घालून जातात. प्रामाणिकपणा शंभर टक्के, भीती शून्य.

कोळिष्टक:
शून्य? जागा पाठ असूनही त्या गढूळ पाण्यात डरकाळी ऐकली की माझा हात माउसवरून सुटतो. तुमचं काळीज दगडाचं असेल.

सावज_क्र_१:
मधला रस्ता आहे की. ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये (सर्व्हायव्हल हॉररच, पण शिकारी तो शिकारीच) एलियन चालवणारे गेमचे दोन मेंदू आहेत, एक वरचा, एक एलियनचा स्वतःचा. वरच्याला खेळाडू कुठे आहे ते कायम माहीत असतं, पण तो एलियनला नुसता अंदाज देतो, साधारण या बाजूला बघ म्हणून. पुढे शोधायचं त्याचं त्याने, स्वतःच्या डोळ्याकानांनी. म्हणून कपाटात श्वास रोखून बसण्याला अर्थ उरतो. लांडग्या-अस्वलांनाही हेच द्या. उगवा कुठेही, पण शेवटची शंभर पावलं स्वतः शोधत या.

घुबड:
हे चालेल. फक्त रानभूलना एक सांगायचं राहिलं. गुहा अस्वलाची होती, राव. पाहुणे तुम्ही.

रानभूल:
मान्य. पण घरमालकाने दारातून यावं ना! दारात शेकोटी होती, म्हणून भिंतीतून आला लेकाचा.