ग्लो फिश घ्यावेत का? मुलीचा हट्ट आहे, कोल्हापूरकरांनी सल्ला द्या

तळमजलेवाला:
नमस्कार मंडळी. लेक यंदा दुसरीत गेली. वाढदिवसाला तिला मासे हवेत, तेही दुकानात निळ्या लाइटखाली चमकतात तेच. भगवे, पोपटी, गुलाबी. हायलायटर पेनांचा डबाच कुणी पाण्यात उपडा केलाय असं दिसतं. दुकानदार म्हणाला, "रंग जन्मजात हाय साहेब, जाणार नाही, पिल्लंबी रंगीतच होणार."
घरी आल्यावर आई म्हणाली, "मुक्या जिवाला रंग कसले फासता?" मी सांगितलं, फासलेला नाही, जीनमध्येच घातलाय. तर म्हणे, "मग तर आणखीच वाईट." आता मी दोघींच्या मधे. दोन फुटी टाकी रिकामी आहे, फिल्टर चालू आहे. काय करू?

जुना पाळक:
आधी आईंचा प्रश्न घेऊ, कारण त्या अर्ध्या बरोबर आहेत. रंग 'फासलेले' मासेसुद्धा बाजारात असतात. आपल्याच नद्यांतला काचमासा, ज्याच्या अंगातून काटे आरपार दिसतात, त्याला सुई टोचून पाठीवर निळी-गुलाबी रेघ भरायचे. बोटाएवढा मासा आणि इंजेक्शन, विचार करा. त्यातले कित्येक मरतात, उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत उडतो. पांढऱ्या विडो टेट्रालाही असाच रंग चढवून विकतात. ते घेऊच नका, यात दुसरं मत नाही.
ग्लो फिशची गोष्ट निराळी. सिंगापूरच्या विद्यापीठात १९९९च्या सुमारास झेब्रा माशाच्या अंड्यात जेलीफिशचा जीन घातला. हेतू शोभेचा नव्हता, पाण्यात प्रदूषण असेल तेव्हा चमकणारा मासा त्यांना करायचा होता. लाल रंगाचा जीन प्रवाळातून आला. २००३ला तैवानमध्ये आणि वर्षअखेरीला अमेरिकेत शोभेचा मासा म्हणून विक्री सुरू झाली. जेलीफिशच्या त्या जीनमधून बनणाऱ्या हिरव्या चमकत्या प्रथिनावर २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल आहे. सुई टोचली ती पहिल्या पिढीच्या अंड्याला. आज दुकानात आहेत ते त्यांचे वंशज, रंग घेऊनच जन्मलेले. त्यांना त्या रंगाचं काही दुखत नाही.

नाद खुळा ०९:
भावा, एवढा विचार कशाला? रविवारी पांढऱ्या रश्श्यावर ताव मारताना ती ब्रॉयलर कशी वाढली हे कोण इचारतंय? पॅरट फिश बघ, संकर करून करून असा केलाय की तोंड धड मिटत नाही बिचाऱ्याचं. लोक 'लकी' म्हणून दिवाणखान्यात ठेवतात. गोल्डफिशला दोन-दोन शेपट्या, पोट फुग्यासारखं, पोहायला गेलं की उलटं. त्यापुढं माझे ग्लो टेट्रा लई टकाटक. दोन वर्षं झाली, एकबी मेला नाही. पोरीला घेऊन दे.

तळमजलेवाला:
पॅरटचं माहीत नव्हतं. आमच्या साडूंकडे आहे तो, कधी नीट बघितलंच नाही.

पंचगंगेच्या काठी:
तुमचं घर कुठल्या भागात? नाव वाचून विचारतोय.

तळमजलेवाला:
शाहूपुरी. कुंभार गल्लीच्या अलीकडं.

पंचगंगेच्या काठी:
मग माझं ऐका. २०१९च्या ऑगस्टला पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं. ३९ला इशारा, ४३ला धोका, हे आपल्याकडं पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. आम्ही गॅस सिलिंडर, कागदपत्रं आणि आजीला घेऊन निघालो. टाकी कोण उचलणार? आठ दिवसांनी परत आलो तर भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, स्टँड आडवा, टाकीत बोटभर गाळ. मासा एकही नाही. मेले असतील म्हणालो, पण खरं तर ते गेले कुठं हे मला ठाऊक आहे. माझे टायगर बार्ब होते, आपल्याकडचे नव्हेत. अजून डोक्यातून जात नाही.
आणि ग्लो झेब्रा हा मुळात आपल्याच उपखंडातला मासा. अमेरिकेत थंडीचा कडाका त्याला बहुतेक ठिकाणी टिकू देत नाही. इथं त्याला पाणी, हवा, किडे सगळं ओळखीचं. ब्राझीलमध्ये मत्स्यशेतीतून सुटलेले चमकणारे झेब्रा ओढ्यांत पिल्लं घालताना सापडले, २०२२ला संशोधकांनी छापलं. मागुराचं आठवतं ना? आफ्रिकन मागुर, तो बाहेरून आणलेला मिशीवाला मासा, त्याच्यावर २०००पासून बंदी, तरी तळ्यातळ्यांत. उजनीत सकर मासा जाळी फाडतो, तोही कुणाच्या तरी काचेच्या टाकीतूनच आला.

प्राणिशास्त्रवाली:
दुसरी बाजूही सांगते, नाहीतर भीतीच वाटत राहील. अमेरिकेत एका प्रयोगात साधे आणि लाल चमकणारे झेब्रा एकत्र ठेवून पंधरा पिढ्या पाहिलं. जवळजवळ सगळ्या टाक्यांत लाल रंग नाहीसा झाला. गंमत म्हणजे माद्यांना लाल नर जास्त आवडायचे, पण साधे नर दांडगे, ते लाल नरांना हुसकावून लावत. दुसऱ्या एका प्रयोगात शिकारी माशांनी लाल झेब्रा साध्यांपेक्षा दुपटीने खाल्ले. साहजिक आहे, पाटी लावूनच फिरतात ते. म्हणजे नदीत गेले की पंचगंगा चमकायला लागेल असं नाही. पण ब्राझीलच्या त्या ओढ्यांत त्यांना खाणारं फारसं कुणी नव्हतं, म्हणून तगले. प्रयोगशाळेतली टाकी म्हणजे नदी नव्हे.
राहिला कायदा. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ला नियम झाले. जनुक बदललेला कुठलाही जीव आणायचा, विकायचा तर केंद्राच्या जीईएसी समितीची मंजुरी लागते. बीटी कापूस २००२ला याच वाटेने आला, बीटी वांग्याला समितीने होकार दिला होता, तरी २०१०ला पर्यावरण मंत्र्यांनी ते थांबवलं. दुकानदाराला विचारून बघा, या माशांचा मंजुरीचा कागद आहे का. मी विचारला होता. त्याने मला आधी माशांचं खाद्य दाखवलं, मग नवीन फिल्टर दाखवला.

नाद खुळा ०९:
🤣 कागद मागितला तर आमचा दुकानदार पुन्हा उधारी देणार नाही.
पण ताई, कापूस शेतात चालतो तर मासा टाकीत का नको?

प्राणिशास्त्रवाली:
कापसाची निदान तपासणी तरी झाली, भांडणं झाली, कागद झाले. माशाचं कुणी काही विचारलंच नाही. माझा आक्षेप चमकण्याला नाही, न विचारण्याला आहे.

जुना पाळक:
पंचगंगावाल्यांचा मुद्दा मला पटला. आजवर मी ग्लो फिशबद्दल 'माशाला त्रास होतो का' एवढंच बघत होतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला मी अजूनही घे म्हणेन. शाहूपुरीच्या तळमजल्याला नाही.
एक मात्र सगळ्यांना सांगतो. निळा लाइट रात्रभर पेटता ठेवू नका. हे मासे अंधारात स्वतःहून चमकत नाहीत, निळा उजेड पडला की रंग परत फेकतात. म्हणून लोक लाइट बंदच करत नाहीत आणि माशाला रात्र अशी मिळतच नाही. आठ-दहा तास बास. छळ म्हणाल तर मला तो रंगात कमी आणि त्या लाइटच्या बटणात जास्त दिसतो.

तळमजलेवाला:
सगळ्यांचे आभार. काल आईला आणि लेकीला समोर बसवून पुराची गोष्ट सांगितली. लेकीचा प्रश्न: "पाणी आलं की आपण त्यांना बादलीत घालून मामाकडं नेऊ या की." २०२१च्या पुरात आम्ही आमची सायकलसुद्धा नेऊ शकलो नव्हतो, हे तिला कसं सांगू? शेवटी साध्या पट्ट्यांच्या झेब्रावर तडजोड झाली. निळा लाइट मात्र पाहिजेच म्हणते. किती घेऊ? चार बास होतील?

जुना पाळक:
चार नको, एकमेकांच्या शेपट्या कुरतडत बसतील. आठ घ्या, कळपात शांत राहतात. टाकीला झाकण हवंच, झेब्रा उडी मारतो. नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे. आणि सगळे एकदम सोडू नका, आधी चार, पंधरा दिवसांनी चार.

पंचगंगेच्या काठी:
आणि जुलै लागला की एक झाकणाची बादली आणि बॅटरीवरचा एअरपंप दाराशी ठेवा. लेक बरोबर बोलली.