जुनं सील नको, खाच मोजा

एकाची तक्रार आहे, की जुनं सील (तेल अडवणारी रबरी कडी) मोजून तसंच नवं बसवलं, तरी बूमचा, म्हणजे मशीनच्या लांब हाताचा, हायड्रॉलिक सिलिंडर आठवड्यात पुन्हा तेल गळायला लागला. गडबड मापातच झाली असणार. वापरलेलं सील तेलात फुगतं, दाबाने चपटं होतं. त्याचं माप धरूच नका. रॉडचा (सिलिंडरमधून आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याचा) व्यास, सील बसतं त्या खाचेचा व्यास आणि खाचेची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने घ्या. ५० मिमी आणि २ इंच यांत ०.८ मिमीचा फरक पडतो, आणि सील गळायला तेवढाही पुरतो. सिलिंडरवर पार्ट नंबर कोरलेला असेल तर उत्तमच. तेल फार तापत असेल तर नायट्राइल रबराऐवजी जास्त उष्णता सोसणाऱ्या व्हायटॉन रबराचं सील बघा. आणि हो, मागवण्याआधी रॉडवरून नख फिरवा. ओरखड्यात नख अडकलं, तर कितीही भारी सील आणलंत तरी ते कापलं जाणारच. मग आधी रॉडवर नवा क्रोमचा मुलामा करून घ्या.